धुळीची साक्ष

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा माझा विषय इतिहासाचाच असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. इतिहास शिकविणाऱ्याने शाळेच्या आरंभीच्या दिवसांचा, पत्र्याच्या वर्गखोल्यांचा आणि कंदिलाच्या उजेडातील अभ्यासिकेचा वृत्तान्त लिहावा, हे रीतीला धरूनच झाले असते. तो वृत्तान्त या अंकात इतर मंडळी माझ्याहून चांगला लिहितील. मी एका ताऱ्याविषयी आणि त्या ताऱ्याच्या व आपल्या दरम्यान पसरलेल्या धुळीविषयी लिहिणार आहे. त्या हकिकतीत माझी एक चूक आहे. ती याच आवारात घडली, म्हणून तिची नोंदही येथेच व्हावी असे मला वाटते.

गोष्ट २००९ सालची. त्या वर्षी विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी होती आणि नववीचे विज्ञान आम्ही तिघा शिक्षकांनी वाटून घेतले होते. भौतिकशास्त्राचा भाग माझ्या वाट्याला आला. संध्याकाळची वंदना आणि भोजन आटोपल्यावर अभ्यासिका भरे. एके दिवशी अभ्यासिकेत एक विद्यार्थिनी वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आली. रविवारच्या भेटीला तिच्या आईने शेंगदाण्याचे लाडू त्यात बांधून आणले होते. तेलाने पारदर्शक झालेल्या त्या कागदावर एक चित्र होते. काळ्या पार्श्वभूमीवर एक तेजस्वी ठिपका आणि त्याच्याभोवती पाण्यातील तरंगांसारखी कडी. मजकुरावरून एवढेच कळत होते, की हा सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे दूर असलेला एक स्पंदक तारा आहे, २२ जानेवारी २००९ रोजी त्याच्यातून क्ष-किरणांचे जोरदार स्फोट झाले आणि त्यानंतर ही कडी दिसू लागली. त्याखालचा भाग फाटलेला होता.

तिने विचारले, "सर, ही कडी धुळीची असतील का?"

मी विचारले, "धुळीची का?"

ती म्हणाली, "बाबांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये धूळ दिसते. पांढरे पांढरे ठिपके. मग तिथेही दिसत असेल."

तिचे वडील खडीच्या क्रशरवर कामाला होते. त्यांना दम लागतो, हे आम्हां शिक्षकांना ठाऊक होते. मी तो कागद पाहिला, क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि शिक्षकाच्या ठाम आवाजात सांगितले, "नाही गं. तारा फुटला की त्याच्यातला वायू बाहेर फेकला जातो. तो पसरतो आहे, त्याची ही कडी. धूळ प्रकाशाला अडविते, दाखवीत नाही." हे उत्तर मी कोठे वाचले नव्हते. ते मी तेथल्या तेथे बनविले होते. "मला माहीत नाही" एवढे तीन शब्द म्हणण्याची सवय त्या काळी मला नव्हती. आम्हां पहिल्या पिढीच्या शिक्षकांना ती फार उशिरा लागली. फळ्यासमोर उभे राहण्याचा अधिकार ज्यांच्या घरात आपल्यापासूनच सुरू झाला, त्यांना अज्ञान कबूल करणे म्हणजे तो अधिकार परत करण्यासारखे वाटते. हे कारण मी सांगतो आहे, समर्थन करीत नाही.

पुढे विज्ञान प्रदर्शन आले. तिने त्याच चित्रावर तक्ता केला. मी सांगितलेले स्पष्टीकरण सुंदर अक्षरांत उतरविले आणि कडी पिवळ्या रंगाने रंगविली. मी तिच्यासोबत गेलो होतो. परीक्षक कोण्या महाविद्यालयातील प्राध्यापक होते, स्वभावाने शांत. त्यांनी तक्ता वाचला आणि विचारले, "वायू पसरतो आहे म्हणतेस, तर किती वेगाने?" तिला ते माहीत नव्हते. तेव्हा त्यांनी तिला दोन आकडे दिले. स्फोटानंतर सहा दिवसांनी कड्याची त्रिज्या आकाशात एका अंशाचा बारावा भाग आहे असे समज, आणि अंतर तू लिहिलेच आहेस. मग त्यांनी तिच्या हाती खडू दिला.

तिने मोठ्या वर्तुळाचा परिघ काढला. ३०,००० ला दोनदा बावीस सप्तमांशाने गुणले, ३६० ने भागले, मग १२ ने भागले. उत्तर आले ४३ आणि वर काही. कड्याची त्रिज्या त्रेचाळीस प्रकाशवर्षांहून अधिक, आणि तीही सहा दिवसांत. प्रकाशाला जे अंतर तोडायला त्रेचाळीस वर्षे लागतात, ते तिचा वायू एका आठवड्याच्या आत तोडीत होता. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, मग मी लिहिलेलं चूक आहे."

परीक्षकांनी विचारले, "हे तुला कोणी सांगितले?"

मी तिच्यापासून दोन पावलांवर उभा होतो. सदऱ्यावर पडलेली खडूची पूड मी झटकू लागलो. ती म्हणाली, "मीच लिहिलं."

बसमध्ये परतताना तिने एवढेच विचारले, "सर, मग ते काय असेल?" मी म्हणालो, "पाहू." आणि मी पाहिले नाही. दहावीचे वर्ष आले, ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, दाखला घेऊन गेली. वडिलांचे दुखणे वाढले असे पुढे कानावर आले.

उत्तर मला मिळाले ते २०१२ च्या फेब्रुवारीत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. आमच्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. मुले तबकड्या पाहण्यात रमली. मी मात्र स्पंदकांचे चित्र लावलेल्या तक्त्याजवळ उभ्या असलेल्या एका तरुण संशोधकाला तो जुना प्रश्न विचारला. त्याने माझ्या वहीचे मागचे पान मागून घेतले आणि दोन टिंबे काढली. एक तारा, एक आपण. दोहोंच्या मध्ये त्याने एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, "ही धूळ."

त्याने सांगितलेले व मी नंतर वाचून ताडून पाहिलेले येथे देतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज विज्ञान शिकत आहेत.

स्पंदक म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला, सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेला, वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने दररोज निघणाऱ्या सुमारे तीस मीटर आलेख-कागदावरील एका बारीकशा खरवड्याकडे दुर्लक्ष करण्याचे नाकारले, म्हणून पहिला स्पंदक सापडला. १९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकांना व आणखी एका ज्येष्ठांना मिळाले, तिला नाही. २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचे दुसरे एक पारितोषिक मिळाले, तेव्हा भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी तिने ते सगळे देऊन टाकले. आमच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

कात्रणातील ताऱ्याचे नाव १ई १५४७.०-५४०८. त्यातील "१ई" म्हणजे आइन्स्टाइन नावाच्या क्ष-किरण उपग्रहाची यादी. त्या उपग्रहाला तो १९८० मध्ये दिसला होता. तो सुमारे दोन सेकंदांत एक गिरकी घेतो, हे २००७ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीने त्याची रेडिओ स्पंदने टिपली तेव्हा कळले. दक्षिणेकडील नॉर्मा तारकासमूहात तो आहे. आपल्या महाराष्ट्रातून मे-जूनच्या रात्री ती जागा दक्षिण क्षितिजापासून सतरा-अठरा अंश वर येते. मी अनेकदा तेथे पाहिले आहे. डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. क्ष-किरण वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून ते पाहण्यासाठी उपग्रह लागतो. ही कडी अमेरिकेच्या पुढाकाराने सोडलेल्या स्विफ्ट आणि युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या उपग्रहांनी स्फोटानंतरच्या दोन आठवड्यांत पाहिली. एकूण तीन कडी होती.

आता धुळीविषयी. ताऱ्यांच्या दरम्यानचे अवकाश रिकामे नाही. तेथे वाळू-खडकाच्या जातीचे सिलिकेट आणि काजळीच्या जातीचा कार्बन यांचे अतिसूक्ष्म कण आहेत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. क्ष-किरण अशा कणावरून जाताना किंचित वळतो. किती किंचित? काही कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग अशा काही भागांएवढाच. ताऱ्याकडून थेट आपल्याकडे निघालेला किरण सरळ येतो आणि निघून जातो. दुसरा एखादा किरण आपल्याला चुकवून जाणार असतो. वाटेत तो धुळीच्या ढगाला भेटतो, तेथे अल्पसा वळतो आणि आपल्याकडे येतो. त्याची वाट थोडी वाकडी, म्हणून थोडी लांब, म्हणून तो उशिरा पोहोचतो. स्फोट क्षणभराचा असेल, तर सहाव्या दिवशी आपल्याकडे नेमके तेच किरण येतात ज्यांची वाट सहा प्रकाश-दिवसांनी लांबली आहे. अशा किरणांची वळणे ताऱ्याच्या दिशेभोवती सर्व बाजूंना सारख्याच अंतरावर असतात, म्हणून कडे दिसते. सातव्या दिवशी आणखी वाकड्या वाटेचे किरण येतात आणि कडे मोठे होते. कोणतीही वस्तू पसरत नसते. धूळ जागच्या जागीच असते आणि तिच्यावरून उजेडाची एक कडा सरकत जाते. दिवस चौपट झाले की कडे दुप्पट होते आणि होता होता फिके पडून नाहीसे होते.

आपल्याकडे चंद्राला खळे पडते, तेव्हा जुनी माणसे पावसाचा अंदाज बांधतात. ते खळे चंद्राभोवती नसते. ते आपल्या डोक्यावरच्या उंच ढगातील हिमकणांत असते. स्पंदकाच्या खळ्याचेही तसेच. ही कडी ताऱ्याभोवती दिसतात खरी, परंतु ज्या ढगांत ती उमटली ते ताऱ्यापासून शेकडो-हजारो प्रकाशवर्षे अलीकडे आहेत. तारा सतत तेवत असेल तर कडी न उमटता सलग खळे दिसते. क्रॅब तेजोमेघाभोवती तसे आढळले आहे. त्यातील स्पंदक सेकंदाला तीस वेळा लुकलुकतो, पण खळ्यातील किरण निरनिराळ्या विलंबाने येत असल्यामुळे ती लुकलुक खळ्यात उरत नाही.

हे सारे कोणी अचानक पाहिले असेही नाही. अशा खळ्याचे भाकीत ओव्हरबेक या शास्त्रज्ञाने १९६५ मध्येच केले होते. १९७३ मध्ये ट्रुम्पर आणि शॉनफेल्डर यांनी या विलंबावरून ताऱ्याचे अंतर काढता येईल असे सुचविले, आणि १९८३ मध्ये त्याच आइन्स्टाइन उपग्रहाच्या चित्रांत अशी खळी प्रथम ओळखली गेली.

अंतराचा मुद्दा मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सर्वाधिक भावला. या स्पंदकाचे अंतर रेडिओ स्पंदनांवरून सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे मानले जात होते. कड्यांचा अभ्यास करून २०१० साली टिएन्गो आणि सहकाऱ्यांनी जो निष्कर्ष काढला, त्यात सर्वांत चांगले जुळणारे उत्तर सुमारे १२,७५० प्रकाशवर्षांचे आले आणि ढग ७,२००, ८,५०० व ११,१०० प्रकाशवर्षांवर आढळले. धुळीचे कण कोणत्या घडणीचे मानायचे यावर हे उत्तर अवलंबून आहे आणि थोडे अधिक अंतरही शक्य आहे, हे त्यांनी दडविले नाही. एवढे मात्र खरे, की सरळ आलेल्या किरणांनी जे सांगितले नाही, ते धुळीवरून वळून उशिरा आलेल्या किरणांनी सांगितले. मला येथे प्रिन्सेपची आठवण होते. अशोकाचे मोठमोठे शिलालेख पुढ्यात असूनही ब्राह्मी लिपी उलगडत नव्हती. १८३७ मध्ये तिची किल्ली सापडली ती सांचीच्या कठड्यांवरील सामान्य उपासक-उपासिकांच्या चिमुकल्या लेखांत, प्रत्येकाच्या शेवटी येणाऱ्या "दानं" या शब्दात. सम्राटाचे म्हणणे वाचता आले ते या बाजूच्या लोकांमुळे. असो, हे विषयांतर झाले.

खोडदहून परतलो त्या रात्री मी नववीच्या फळ्यावर ती आकृती काढली. ज्या मुलीला ती हवी होती, ती तेथे नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझा खोकला हटेना, म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितले. खिडकीतून कागद आत दिला. आतून आवाज आला, "सर, तुम्ही?" बारावीनंतर तिने क्ष-किरण तंत्रज्ञाची पदविका केली होती आणि त्या रुग्णालयात तिला सात वर्षे झाली होती. वडील गेले, धाकटा भाऊ शिकतो आहे, आई तिच्याजवळ असते, हे तिने यंत्र सरकवता सरकवताच सांगितले. मला पाटीपुढे उभे करून तिने हनुवटी वर घ्यायला, खांदे पुढे करायला सांगितले. "श्वास घ्या. धरून ठेवा." तिच्या आवाजात मला वर्गातला माझाच सूर ऐकू आला.

बाहेर रांग नव्हती. मी सांगितले, "ती कडी धुळीचीच होती. तू म्हणालीस तेच बरोबर होते. आणि त्या दिवशी परीक्षकांनी विचारले तेव्हा मी बोलायला हवे होते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "तुम्ही खडूची पूड झटकत होतात," ती म्हणाली. "मी बघितलं होतं." मग जणू मला सांभाळून घेण्यासाठी म्हणाली, "पण मीही अर्धंच बरोबर होते, सर. बाबांच्या फोटोतले ठिपके धूळ नव्हतेच. धुळीनं फुप्फुसात झालेले व्रण होते. हे मला कोर्सला गेल्यावर कळलं."

मी केसपेपरच्या मागे दोन टिंबे आणि तीन आडव्या रेघा काढल्या. तिने आकृती उलटसुलट करून पाहिली. "आम्ही तर विखुरलेले किरण जाळी लावून अडवतो," ती म्हणाली. "प्लेट धुरकट होते म्हणून. आणि हे लोक त्याच किरणांवरून अंतर काढतात!" मग बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे आपल्याकडच्या ढगाचं कडं सगळ्यांत मोठं, आणि ताऱ्याकडच्याचं लहान." मला हे समजायला दोन दिवस लागले होते.

"आणि एखादा ढग आपल्या अगदी जवळ असेल तर?" तिने विचारले. "त्याचं कडं का नाही दिसत?"

तेवढ्यात स्ट्रेचर आले आणि मी बाजूला झालो. निघताना तिला म्हणालो, "मला आत्ता सांगता येत नाही. रात्री सांगतो."

रात्री हिशेब मांडला. ३०० प्रकाशवर्षांवर ढग असता तर सहाव्या दिवशी त्याच्या कड्याची त्रिज्या पूर्ण चंद्राच्या व्यासाहूनही मोठी झाली असती. पण एवढ्या कोनात वळविणे त्या सूक्ष्म कणांना फारसे जमत नाही, म्हणून असे कडे उमटले तरी अतिशय फिके, दिसणे कठीण. शिवाय ते चित्राच्या चौकटीबाहेर जाण्याचाही संभव. कागदाचा फोटो काढून तिने दिलेल्या क्रमांकावर पाठविला. साडेदहाला उत्तर आले.

"सर, डॉक्टरांनी बघितलं, तुमची प्लेट साफ आहे. हिशेब उद्या ड्युटीनंतर तपासून सांगते."